भारी सुती शर्टाचं कापड लवकर का विरतं?

दादर_पश्चिम

रोज फुल शर्ट घालून नोकरीला जाणाऱ्यांसाठी आणि कापड जाणणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय.

तयार शर्ट घेणं मी केव्हाच सोडलं. मंगळदास मार्केटमधून कापड आणायचं आणि नेहमीच्या शिंप्याकडे टाकायचं, हा शिरस्ता. हळूहळू चांगल्या कापडाची गोडी लागली. पण एक कोडं सुटत नाही: सगळ्यात महाग कापडाचे शर्ट सगळ्यात आधी गेले. एका युरोपीय गिरणीचं २/१७० पॉपलिन (साध्या विणीचं गुळगुळीत कापड) घेतलं होतं, हाताला रेशीमच वाटावं असं. आज त्याच्या कॉलरच्या घडीवर दशा निघाल्यात. उजव्या खांद्यावर सॅकचा पट्टा असतो, तिथून उजेड दिसतो. त्याच्याही आधी शिवलेले २/८० चे शर्ट मात्र अजून ऑफिसात घालण्यासारखे आहेत.

दुकानात विचारलं तर एकच उत्तर मिळतं, "साहेब, काउंट जेवढा वरचा तेवढा माल भारी." भारी म्हणजे नक्की काय? गिझा, सुपिमा, सुविन या नावांना पैसे मोजायचे का? मुंबईचा घाम, लोकलची गर्दी आणि इस्त्रीवाला हे सगळं सोसेल असं कापड ओळखायचं कसं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

उभाआडवा

विषय जिव्हाळ्याचा आहे. माझी नोकरी गिरणीच्या तपासणी विभागातली, आधी लोअर परळला आणि ती गिरणी बंद पडल्यावर बाहेरगावी. थोडं मुळापासून सांगतो.

काउंट म्हणजे सुताचा बारीकपणा. ८४० यार्डांची एक लड धरतात. एक पौंड सुतात अशा जितक्या लडी भरतील तो काउंट. १०० काउंट म्हणजे पौंडभर सुतात ८४,००० यार्ड, जवळजवळ ७७ किलोमीटर लांबीचं सूत. आकडा वाढला की सूत बारीक झालं, एवढंच त्यातून कळतं. बळकटीचं त्यात काही नाही. उलट कापूस तोच ठेवून आकडा वाढवला, तर धाग्याच्या जाडीत बसणारे तंतू कमी होतात आणि धागा नाजूक होतो.

आता २/१०० बघा. १०० काउंटचे दोन धागे एकत्र पिळले की तो धागा जाडीला एकेरी ५० एवढा होतो. पण एकेरी ५० पेक्षा तो कितीतरी एकसारखा आणि मजबूत असतो, कारण एका पदरात जिथे बारीक जागा असते तिथे दुसरा पदर भार घेतो. घरातल्या बायकांचं टू बाय टू रुबियाचं ब्लाउज पीस सगळ्यांना माहीत आहे. तिथेही हेच, ताण्यात म्हणजे उभ्या धाग्यांत दुहेरी सूत आणि बाण्यात म्हणजे आडव्या धाग्यांतही दुहेरी.

याच हिशेबाने तुमचं २/१७० जाडीला एकेरी ८५ एवढं होतं आणि २/८० एकेरी ४० एवढं. म्हणजे जुन्या शर्टातला धागा वजनाला दुपटीपेक्षा जास्त आहे. सॅकचा पट्टा दोघांना सारखाच घासतो, पण २/८० मध्ये झिजायला माल जास्त आहे. तुमच्या कापडात खोट असेलच असं नाही, ते रोज घासून घ्यायचं कापड नव्हे.

दुकानात एक गोष्ट हमखास विचारा: "बाण्यात काय आहे?" बऱ्याच 'शंभर काउंट' कापडांत ताणा २/१०० आणि बाणा एकेरी ५० असतो. त्यात गैर काही नाही, पण दोन्हीकडून दुहेरी असलेल्या मालाचा भाव त्याला देऊ नये. 'सुपर १००', 'सुपर १२०' हे आकडे लोकरीचे, सुती शर्टाच्या कापडाला लावले तर त्यांना अर्थ नाही. चादरीवरचा थ्रेड काउंट आणखी वेगळा, तो चौरस इंचात किती धागे बसलेत ते सांगतो.

दुहेरी सूत घरी ओळखता येतं. कापलेल्या कडेतून एक उभा आणि एक आडवा धागा ओढून काढा. बोटभर तुकडा दोन्ही हातांच्या चिमटीत धरा आणि पिळाच्या उलट दिशेने फिरवत राहा. दुहेरी असेल तर मध्येच दोन पदर सुटतात आणि त्यांच्यामधून सुईचं टोक आरपार जातं. एकेरी असेल तर धागा नुसता फुलतो, तंतू सैल होतात आणि जरा ओढलं की दोन्ही हातांत कापसाचे शेपटे राहतात. नमुन्याच्या तुकड्यावर हे करायला कुठलाही सरळ दुकानदार हरकत घेत नाही.

पार्लेकरीण

उभाआडवा काका, हा प्रतिसाद वाचनखुणेत ठेवला. ताणा-बाणा एवढा सोपा करून कोणी सांगितला नव्हता.

कफ_परेड

माहिती उत्तम. पण गिझाचं काय? प्रत्येक दुकानात प्रत्येक तागा गिझाच असतो.

पांढरं_सोनं

कापसावर मी लिहितो. मूळचा यवतमाळचा, आता माटुंग्यात राहतो.

इजिप्तचा गिझा, अमेरिकेचा पिमा, कॅरिबियन बेटांचा सी आयलंड आणि आपला सुविन हे सगळे एकाच प्रजातीचे, गॉसिपियम बार्बाडेन्स. आपल्याकडे वावरात दिसतो तो बहुतेक कापूस गॉसिपियम हिर्सुटम. फरक तंतूच्या लांबीत आहे. गुजरातेतला प्रसिद्ध शंकर-६ साधारण २८-२९ मिलिमीटरचा, तर अतिलांब धाग्याचा कापूस ३५ मिलिमीटरच्या आसपास सुरू होतो आणि सुविन त्याच्याही पुढे जातो.

लांबीने टिकाऊपणा कसा वाढतो? तंतू लांब असले की तेवढ्याच सुतात त्यांची टोकं कमी येतात. टोकं कमी म्हणजे पृष्ठभागावर लव कमी, लव कमी म्हणजे गोळे कमी. शिवाय लांब तंतू पिळात एकमेकांना जास्त अंतरभर धरून ठेवतात, म्हणून बारीक सूतही ताण सोसतं. १०० च्या पुढचं चांगलं सूत आखूड कापसातून निघतच नाही. तेव्हा महाग कापसाला अर्थ आहे. फक्त तोच कापूस ८० काउंटला वापरला तर दणकट कापड होतं आणि २०० ला वापरला तर तलम. बळकटी हवी की तलमपणा, ते आपण ठरवायचं.

नुसतं 'गिझा' म्हणण्याने मात्र फारसं काही ठरत नाही. गिझा ४५, गिझा ८७, गिझा ८६ असे वेगवेगळे वाण आहेत आणि त्यांच्या दर्जात बराच फरक आहे. ४५ अतिशय थोडा पिकतो, त्यामुळे तो दर तिसऱ्या दुकानात असणं शक्य नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत इजिप्शियन कापूस म्हणून विकलेल्या चादरींत दुसराच कापूस निघाला आणि एका मोठ्या दुकानसाखळीला तो माल मागे घ्यावा लागला. तेव्हापासून मोठे खरेदीदार कापूस कुठून आला याची साखळी तपासायला लागले. सुपिमा हे अमेरिकेतल्या पिमा उत्पादकांच्या संघटनेचं परवाना देऊन वापरायचं चिन्ह आहे, ती संघटना १९५४ पासूनची. लेबलवर ते अधिकृत चिन्ह असेल तर भरवसा जास्त.

सुविनबद्दल अभिमानाने लिहितो. १९७४ मध्ये कोइम्बतूरच्या कापूस संशोधकांनी हा वाण दिला. आपला सुजाता आणि सी आयलंड गटातला सेंट व्हिन्सेंट यांचा तो संकर. तमिळनाडूत थोड्याच क्षेत्रावर होतो, हाताने वेचतात, पिकाला वेळ लागतो आणि शेतकऱ्याला भाव नीट मिळाला नाही तर तो पेरत नाही. जगातल्या उत्तम कापसांच्या पंगतीत बसणारा कापूस आपल्या देशात होतो, याची आपल्याच शर्ट घेणाऱ्यांना खबर नसते. अवांतर: सिरकॉट, म्हणजे कापसाच्या तंतूंची तपासणी आणि संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था, १९२४ पासून इथे माटुंग्यातच आहे. मुंबईकरांनी तिची ओळख करून घ्यावी.

कागलकर

धागा बघून राहवलं नाही. मी कोल्हापूरचा, शर्टिंगच्या कारखान्यात फिनिशिंगला आहे, मुंबईला कामानिमित्त येणं होतं.

मुंबईकर परदेशी नाव बघून मीटरमागे जादा पैसे मोजतात. त्यांना सांगायचं आहे की कागल-हातकणंगले एमआयडीसी हे भारी सुती शर्टिंगचं देशातलं मोठं ठिकाण आहे. रेमंडचं लक्झरी कॉटनचं युनिट तिथे आहे. तुर्कस्तानच्या सोक्तासनेही तिथेच कारखाना काढला होता, तो २०१९ मध्ये ग्रासिमने घेतला. शंभर काउंटच्या पुढचं सूत आमच्याकडे रोज विणलं जातं.

आता फिनिशिंग. ग्राहक हात फिरवून कापड घेतो आणि फसतो तो इथेच. विणून आलेल्या कापडावर लव असते. ती आधी ज्वाळेवरून झपाट्याने नेऊन जाळतात, ते सिंजिंग. मग ताणून धरून कॉस्टिक सोड्यातून काढतात, ते मर्सरायझिंग. जॉन मर्सर या इंग्रजाने १८४४ मध्ये सोड्याचा हा परिणाम पाहिला, आणि ताणून धरलं की चमक येते हे होरेस लोवने १८९० मध्ये दाखवलं. तंतू फुगून गोल होतो, प्रकाश परतवतो, रंग जास्त पितो आणि बळकटही होतो. ही चमक धुऊन जात नाही. शेवटी सॅन्फोरायझिंग, म्हणजे कापड आधीच आटवून घ्यायचं.

हे सगळं नीट करायला वेळ आणि पैसा लागतो. शॉर्टकट म्हणजे सिलिकॉनचं सॉफ्टनर. साध्या कापडाला ते भरपूर मारलं की हात असा घसरतो की गिऱ्हाईक लगेच खूश. काही धुण्यांत ते निघून जातं आणि खालचं खरखरीत कापड वर येतं. म्हणून नमुन्याचा तुकडा मागून घ्या, घरी कोमट साबणपाण्यात चांगला चोळून धुवा, वाळवा, मग इस्त्री न करता हात लावा. जो पोत तेव्हा लागेल तो खरा.

ठाणेकर_रोजचा

माझं मत थोडं वेगळं आहे. सगळे टिकाऊपणाच्या बाजूने बोलताहेत, पण मे महिन्यात ठाण्याहून सीएसएमटीला उभं राहून जाणाऱ्याला विचारा. २/८० चं दाट ट्विल (तिरप्या रेघांच्या विणीचं कापड) घातलं तर भायखळा येईपर्यंत पाठ भिजलेली असते. २/१४० चं हलकं पॉपलिन अंगाला चिकटत नाही, पटकन वाळतं, दिवसभर त्रास होत नाही. दोन वर्षं कमी टिकलं तरी चालेल. कापड अंगावर असताना सुख देतं की नाही, हाही दर्जाच.

उभाआडवा

ठाणेकर, तुमचा मुद्दा मान्य आहे. फक्त गारव्याचं श्रेय काउंटला एकट्याला देऊ नका. वीण किती मोकळी आहे यावर हवा खेळणं ठरतं. २/८० मध्ये मोकळ्या विणीचं कापड मिळतं आणि २/१४० मध्ये इतकं दाट ठोकलेलं मिळतं की वारा जात नाही. कापड तोंडाला लावून फुंकर मारा, पलीकडच्या हाताला हवा लागली पाहिजे. मुंबईसाठी चौरस मीटरला ११० ते १२० ग्रॅमचं, दोन्हीकडून दुहेरी १०० चं पॉपलिन मला दोन्ही बाजूंनी पटतं.

ठाणेकर_रोजचा

फुंकर मारून बघतो. पण उन्हाळ्यापुरतं १४० सोडणार नाही.

पार्लेकरीण

आमच्याकडे वेगळी अडचण. यजमानांना सुरकुती खपत नाही, म्हणून ते रिंकल-फ्री शर्टच घेतात. तेही शंभर टक्के सुती. पण कोपरावर आणि कॉलरवर ते लवकर जातात असं दिसतंय. योगायोग आहे का?

कागलकर

योगायोग नाही ताई. सुती कापड चुरगळतं कारण ओलावा आणि दाब मिळाला की तंतूतल्या सेल्युलोजच्या साखळ्या जागा बदलून तिथेच बसतात. रिंकल-फ्रीमध्ये रेझिन नावाचं रसायन लावून उष्णतेने त्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकतात. त्या सरकत नाहीत म्हणून घडी पडत नाही, आणि सरकत नाहीत म्हणूनच ताण आला की वाटून घेता येत नाही, तंतू तुटतो. ताणबळ आणि घासणं सोसण्याची ताकद दोन्ही चांगलीच घटते. सुती कापड ओलं झालं की एरवी जास्त बळकट होतं, घामाच्या शहरात हा त्याचा मोठा गुण आहे. रेझिनने तोही कमी होतो. भारी काउंटचं बारीक कापड घेऊन त्यावर रिंकल-फ्री करून घेणं मला तरी पटत नाही.

सुरकुत्या कमी हव्या असतील तर ट्विल किंवा पिनपॉइंट (बारीक सुताचं ऑक्सफर्ड विणीचं कापड) घ्या. चांगल्या गिरण्या द्रवरूप अमोनियाचं फिनिश देतात, त्याने रेझिनशिवायही कापड थोडं कमी चुरगळतं आणि बळकटी टिकते.

शिलाई_गिरगाव

एवढं सगळं कापडावर लिहिलंत, शिवणीवर कोणीच नाही. आमचं दुकान शर्टाचंच आहे, दुरुस्तीला येणारे शर्ट रोज बघते. कापड मध्यातून विरलेले थोडेच, बाकी सगळे कॉलरच्या घडीवर किंवा कफच्या कडेला गेलेले. उरलेलं कापड धडधाकट.

कॉलरची घडी ही शर्टातली सगळ्यात छळ सोसणारी जागा. आतून दाढीचे खुंट घासतात, घाम मुरतो, वरून रोज गरम इस्त्री दाबून फिरते. त्यात बकरम, म्हणजे कॉलरच्या आतलं अस्तर, कडक असेल तर कापड दोन कठीण गोष्टींमध्ये चेपलं जातं आणि घडीवरच्या धाग्यांची टोकं तुटायला लागतात. बारीक कापडाला जाड बकरम घालणं ही फार सर्रास दिसणारी गोष्ट. १२० च्या पुढच्या कापडाला मऊ सुती बकरम मागा आणि कॉलरची घडी इस्त्रीने धारदार करू नका, हाताने वळवा.

चिकटवलेल्या बकरमात आणखी एक धोका आहे. कापड एवढं आटतं, बकरम तेवढं आटत नाही, मग कॉलरवर बुडबुडे येतात. सॅन्फोराइज्ड लिहिलेलं असलं तरी आम्ही कापड आणि न चिकटवायचं सुती बकरम रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून मगच बेततो. घाईचं गिऱ्हाईक असलं तरी यात सूट नाही.

टीप बारीक हवी. इंचाला १६ ते १८ टाके. पण सुई जाड असेल तर बारीक कापडात प्रत्येक टाक्याला भोक पडतं आणि शिवणीलगत कापड फाटतं. शिंप्याने तुमच्या कापडासाठी सुई बदलली का, हे विचारायला लाजू नका. आणि मापाचं सांगते. खांद्यात, पाठीत आवळ शर्ट असला की कितीही उत्तम कापड असो, योकच्या, म्हणजे खांद्यावरच्या पट्टीच्या, शिवणीपाशी धागे सरकतात. लोकलमध्ये वरची कडी धरणाऱ्याला पाठीत चुणी हवीच.

५८ इंच पन्ह्याला १.६० मीटरमध्ये शर्ट होतो. चांगलं कापड असेल तर पाव-अर्धा मीटर जास्त घ्या आणि शिंप्याकडे न ठेवता घरी ठेवा. कॉलर-कफ गेले की त्याच कापडाचे नवे घालून देता येतात. पूर्वी कॉलर उलटून द्यायचे तसं आता चिकटवलेल्या बकरमामुळे नीट होत नाही, खालची बाजू वर आली की सैल दिसते. दादर_पश्चिम, तुमच्या २/१७० चं उरलेलं कापड असेल तर कॉलर बदलता येईल. खांदा मात्र गेला असेल तर योक बदलावा लागेल, आणि तेवढं कापड लागेल.

दादर_पश्चिम

ताई, उरलेलं कापड नाही. पांढरा शर्ट आहे, दुसऱ्या पांढऱ्या कापडाची कॉलर चालेल का?

शिलाई_गिरगाव

चालेल. पांढऱ्यात छटा जुळवायला दिवसाच्या उजेडात या, ट्यूबलाइटखाली सगळे पांढरे सारखेच दिसतात. पण योक विरलेला असेल तर खर्च करू नका असंच सांगेन.

पार्लेकरीण

धुण्याबद्दल माझं निरीक्षण लिहिते, कारण घरात हे काम माझ्याकडे आहे आणि फरक स्पष्ट दिसलाय.

धोब्याकडे किंवा लाँड्रीत देताना पांढऱ्या शर्टांना क्लोरिनचं ब्लीच लावू नका असं निक्षून सांगते. त्याने शर्ट पांढरा होतो आणि कापड आतून कमजोर होतं. कडक खळही बंद केली. खळ घातलेली कॉलर मोडली की घडीतले तंतू मोडतात. बटणं सोडून, शर्ट उलटा करून, जाळीच्या पिशवीत, थंड किंवा कोमट पाण्यात धुते. जीन्स आणि टॉवेलसोबत शर्ट टाकणं सोडलं. उन्हात उलटेच वाळत घालते. आमच्याकडे पालिकेचं पाणी मऊ आहे, पण बहिणीकडे टँकर येतो, तिथे क्षारांमुळे तेच कापड राठ होतं. तिने शेवटच्या खळबळण्यात थोडं व्हिनेगर घालायला सुरुवात केली, फरक पडला.

पावसाळ्यात शर्ट दमट असताना इस्त्री करून कपाटात ठेवू नका. बुरशी सेल्युलोजच खाते, काळे ठिपके जातात पण तिथलं कापड दुबळं झालेलं असतं.

कफ_परेड

रोजच्यासाठी एकच सांगायचं तर काय घ्यावं? मी उद्याच मंगळदासला जातोय.

उभाआडवा

उद्या रविवार, मार्केट बंद असेल. सोमवारी जा.

रोजच्या ऑफिससाठी दोन्हीकडून दुहेरी ८० ते १००, लांब धाग्याचा कॉम्ब्ड (विंचरून आखूड तंतू काढलेला) कापूस, पॉपलिन किंवा पिनपॉइंट. सॅक घेत असाल तर ८० कडे झुका. लग्नकार्य आणि मोठ्या मीटिंगांसाठी १२०-१४०. त्याच्या पुढचं कापड हौसेने जरूर घ्या, ते सुंदर असतंच. पण पाळीपाळीने घाला आणि एका दिवसाच्या वापरानंतर विश्रांती द्या. कापड निवडताना तागा उजेडासमोर धरा. जाड-बारीक पट्टे, गाठी, ढगाळ ठिपके दिसले तर सूत एकसारखं नाही, मग नाव कुठलंही असो.

कागलकर

+१. आणि पॉलिएस्टरची शंका असेल तर दोन-चार धागे जाळून बघा. सुती धागा कागदासारखा वास देतो आणि बोटाने चुरली की मऊ राख होते. मिसळ असेल तर कडक गाठ उरते.

दादर_पश्चिम

सगळ्यांचे मनापासून आभार. एक शेवटचं. काखेत आणि कॉलरच्या आत पिवळा डाग पडतो तो कसा काढायचा? ब्लीच नको हे कळलं.

पार्लेकरीण

काखेतला डाग नुसत्या घामाचा नसतो. घाम थांबवणाऱ्या रोल-ऑनमधले ॲल्युमिनियमचे क्षार घामाशी मिळून तो पडतो, आणि क्लोरिनने तो आणखी गडद होतो. किराणा दुकानात नाही मिळालं तर ऑनलाइन सोडियम परकार्बोनेट मागवा. बादलीभर कोमट पाण्यात दोन चमचे पूर्ण विरघळवून शर्ट काही तास भिजत ठेवा, मग नेहमीसारखा धुवा. कॉलरला आधी अंगाचा साबण ओल्या बोटांनी हलकेच चोळा, ब्रश अजिबात नको. डाग पूर्ण गेला याची खात्री होईपर्यंत इस्त्री करू नका, उष्णतेने तो पक्का बसतो.

शिलाई_गिरगाव

आणि रोल-ऑन लावल्यावर ते सुकल्याशिवाय शर्ट घालू नका. माझ्याकडे येणाऱ्या शर्टांत काखेतलं कापड डागापाशीच कडक होऊन फाटलेलं असतं.